धुकवेलीच्या काढ्याची दवंडी आणि सशांची हकीकत

श्री. जो आधी पाहतो आणि मग सांगतो त्यास एक नमस्कार, जो ऐकतो आणि मग विचारतो त्यास दोन. शके सतराशे चार, शुभकृतनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, ज्या राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही त्या राज्यात दर्याबाई वाकनीस यांनी आरोग्याचे व सृष्टिज्ञानाचे वर्तमान लिहिण्याचे काम कैसे आरंभिले, त्यात कैसी चूक जाहली आणि ती कैसी निस्तरली, हे जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

राज्य डोंगरी. चोहोकडे कडे उभे, मध्ये वाटीसारख्या जागी शहर, आणि वाटीत दूध राहावे तैसे धुके सकाळपासून शहरात राही. समुद्र इतका दूर की शहरात कोणी तो पाहिला नव्हता. मिठाचे व्यापारी येत, त्यांनीही मीठ दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेले असे. या शहराची रीत ऐसी की दरबारचे वर्तमान लोकांस दवंडीने कळावे आणि दवंडी एका श्वासात पुरी व्हावी. कोण्या एका काळी कोण्या महाराजांस कोण्या कारकुनाने इतके लांब वर्तमान ऐकविले की महाराजांचे ताट निवून गेले, तेव्हापासून हा दंडक. डांगोरा पिटणाराने, ज्यासही लोक डांगोराच म्हणत, नगारखान्यावर उभे राहावे, छाती भरून घ्यावी आणि तो श्वास सरेपर्यंत जे बोलेल ते दरबारचे खरे. मध्ये दम घेतला तर पुढचे सारे बाजारगप्पा. आणि दुसरा दंडक ऐसा की निघालेली दवंडी मागे येत नाही; जो लिहिणारा ती मागे घेऊ म्हणेल त्याने आपली दौत आणि कलम महाराजांपुढे ठेवावी आणि पुन्हा उचलू नये. नगारखान्यावर त्या काळी रायाजी डांगोरे होते. त्यांची छाती नगाऱ्याएवढी आणि अभिमान त्याहून थोर. कोणी लांब मजकूर आणिला तर म्हणत, "माझ्या छातीत मावेल तेवढंच खरं. उरलेलं तुमचं तुम्ही घरी न्या." यावर त्यांची बायको भागाबाई चुलीजवळून म्हणे, "आणि घरात? मीठ संपलंय एवढं सांगायला तुम्हाला तीनदा थांबावं लागतं." मग रायाजी हसत आणि मीठ आणायास विसरत, ऐसा त्यांचा संसार बहुत वर्षे सुखाने चालिला होता.

दर्याबाई नारोपंत शास्त्र्यांची कन्या. सृष्टिशाळेत सहा वर्षे राहून त्यांनी भिंगातून तळ्याच्या पाण्याचे थेंब पाहिले, थेंबातल्या जीवांची चित्रे काढिली, आणि सर्वांस वाटले की आता ही थोर पंडिता होऊन शाळेतच राहील. तो त्यांनी एके दिवशी घरी येऊन सांगितले की मी वाकनिशीच्या कचेरीत वर्तमान लिहिण्यास जाते. नारोपंतांच्या हातातली पोथी तैशीच राहिली. म्हणाले, "दर्ये, सहा वर्षं थेंब पाहिलेस ते काय डांगोऱ्यासाठी?" दर्याबाई बोलिल्या, "बाबा, थेंबात काय दिसलं ते आम्ही एकमेकांना सांगतो. थेंब पिणाऱ्याला कोणी सांगत नाही." नारोपंत म्हणाले, "पिणाऱ्याने विचारलं आहे का?" दर्याबाई म्हणाल्या, "त्याला ठाऊकच नाही की विचारायचं असतं." यावर पंतांनी पोथीचे पान उलटिले, आणि शास्त्र्याने पान उलटणे हीच संमती ऐसे मानून दर्याबाई दुसरे दिवशी कचेरीत हजर जाहल्या. तेथे हैबतराव मुख्य वाकनीस. गृहस्थ स्थूल, दमेकरी, मनाने मऊ, जिभेने तिखट. त्यांनी दर्याबाईंचा पहिला मजकूर वाचिला, तो दूध का नासते याविषयी होता, आणि पुसले, "बाई, हे कोणासाठी लिहिलंत?" "लोकांसाठी." "लोक कुठे बसलेत यात? मला तर नुसतं दूध दिसतंय." मग दर्याबाईंनी तो पुन्हा लिहिला आणि त्यात दुधाचे पातेले, ते झाकणारी बाई आणि झाकण विसरलेला तिचा दीर आला, आणि रायाजींनी ते एका श्वासात सांगितले आणि त्या आठवड्यात शहरातील पातेली झाकली गेली. मग ग्रहण का लागते ते लिहिले, आणि गोवर आलेल्या मुलास वेगळे निजवावे ते लिहिले, आणि लोक नगारखान्याखाली थांबून ऐकू लागले. परंतु एक खोड सृष्टिशाळेची अंगी राहिली. शाळेत ऐसे शिकवीत की आधी जे कळले ते लिहावे आणि जे कळले नाही, ज्याविषयी शंका आहे, ते सारे शेवटी लिहावे. शाळेत ते ठीक होते, कारण शाळेत शेवटपर्यंत वाचीत.

ऐसे चालिले असता पौष लागला आणि शहरात पेंगेची साथ आली. ताप नाही, खोकला नाही, दुखणे ऐसे काहीच नाही. माणूस दुपारच्या वेळी चालता चालता मंद होई, हातातले काम हातात राही, आणि जेथे असेल तेथे पेंगून जाई. वेशीवरचे शिपाई भाल्यास टेकून पेंगत. न्यायाधीश निवाडा सांगता सांगता पेंगत आणि दोन्ही पक्ष त्यांच्यासमोर पेंगत, आणि भांडण तेथेच विरून जाई. सराफाच्या तराजूवर मांजर पेंगे. आणि आश्चर्य ऐसे की पेंगणाऱ्या सर्वांस एकच स्वप्न पडे: शहराच्या घरांवरून, कौलांपासून हातभर उंच, एक पांढरे जहाज आवाज न करता जाते आहे. शिडे भरलेली, वारा नाही. जहाजावर कोणी नाही, तरी कोणी आपणास ओळखून हात केला ऐसे वाटे. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांनी जहाज कैसे ओळखिले हे कोणास सांगता येईना. जागे झाल्यावर लोक एकमेकांस पुसत, "आज तुमच्या आळीवरून गेलं का?" आणि "आमच्याकडे थोडं थांबलं होतं," ऐसे अभिमानाने सांगत. दुखणे ऐसे गोड की प्रथम कोणी त्यास दुखणे म्हणेना. परंतु पेंग दिवसेंदिवस लांबत गेली, आणि दुपारी निजलेली कित्येक माणसे सायंकाळी उठेनात, दुसरे दिवशीही उठेनात, तोंडात घातलेले पाणी ओठांवरून ओघळून जाई, तेव्हा शहर भ्याले.

तेव्हा राजवैद्य बाळंभट यांनी उपाय केला. बाळंभट विद्वान, हस्तगुणाचे, स्तुतीचे थोडे लोभी. राजवाड्याच्या बागेत धुकवेल म्हणोन एक वेल होती. तिची फुले राखी रंगाची, वास गार आणि गोडसर. मागील वर्षी महाराजांस ती आवडली म्हणोन तिच्या फांद्या सर्व शहरात लाविल्या होत्या आणि आता घरोघरच्या माडीवरून ती लोंबत होती. बागेत त्या वेलीखाली राजवाड्याचे ससेही पेंगून पडत. बाळंभटांनी विचार केला की मुळी उष्ण असते, आणि धुकवेलीच्या मुळ्यांचा काढा केला, आणि बागेतले बारा ससे माडीवरच्या रसशाळेत नेऊन त्यांस तो पाजला, आणि बारापैकी दहा जागे होऊन रसशाळेभर उड्या मारू लागले. दर्याबाई स्वतः जाऊन ते ससे पाहून आल्या, आणि कचेरीत बसून सृष्टिशाळेच्या रीतीप्रमाणे नेमके लिहिले ते ऐसे: राजवैद्यांनी धुकवेलीचा काढा पाजला असता पेंगलेले जागे जाहले, परंतु हे ससे होते, माणसांवर गुण येतो की नाही हे पाहिलेले नाही, म्हणून तूर्त कोणी घेऊ नये. हैबतरावांनी वाचिले आणि मान डोलाविली. रायाजी नगारखान्यावर चढिले, छाती भरून घेतली, आणि म्हणू लागिले, आणि त्या दिवशी धुके दाट, हवा जड, आणि रायाजींसही थोडी पेंग आलेली होती. "पेंगलेले जागे जाहले" येथे त्यांचा श्वास सरला. खाली लोकांनी जयजयकार केला. पुढे काय होते ते ऐकायास कोणी थांबले नाही, आणि थांबते तरी ते बाजारगप्पाच ठरते.

मग एका दिवसात शहरातील धुकवेलींच्या बाजूच्या मुळ्या, वेल न मरेल इतक्या, उकरल्या गेल्या आणि घरोघरी पातेली चढली. झाकणे ठेवून, कारण ते लोक दर्याबाईंकडूनच शिकले होते. महाराज संतोषले. त्यांनी आज्ञा केली की रथसप्तमीस हा काढा राजहौदात ओतावा, म्हणजे गरीब-श्रीमंत सर्वांस पाण्याबरोबर पोचेल. दर्याबाई कचेरीत धावत आल्या. "रावसाहेब, ससे राहिले!" हैबतराव म्हणाले, "ससे माडीवर आहेत, मजेत आहेत." "दवंडीत राहिले!" तेव्हा हैबतरावांनी डोईची पगडी काढून मांडीवर घेतली, कारण बातमी वाईट असली म्हणजे त्यांस डोके मोकळे लागे. म्हणाले, "निघालेली दवंडी मागे येत नाही, बाई. मागे घ्यायची तर कलम ठेवायचं. काढ्याने नुकसान झालंय असं कोणी म्हटलंय का? नाही ना? मग थांबा." दर्याबाई थांबल्या. थांबण्याचे काही दिवस त्यांस बहुत जड गेले ऐसे त्यांनी पुढे कधी कोणास सांगितले नाही, परंतु त्या दिवसांत त्यांनी काही लिहिले नाही हे सर्वांनी पाहिले. आणि मग रायाजी आले. नगाऱ्याएवढी छाती बसलेली, पागोटे सुटलेले. म्हणाले, "बाईसाहेब, भागाने काढा घेतला. पेंग फक्त दुपारची येत होती तिला. मी म्हटलं घे, माझ्या तोंडून निघालेली दवंडी आहे, खोटी कशी असेल. घेतला आणि निजली ती उठतच नाही. कानाशी डांगोरा वाजवला मी. उठत नाही." दर्याबाई त्यांच्या घरी गेल्या. भागाबाई उताणी निजलेली, मुखावर हसू, डोळ्यांची बुबुळे पापणीखाली हळू हळू डावीकडून उजवीकडे जात, जैसे काही दूरचे जाताना पाहते आहे. माडीवरून धुकवेल खिडकीत आली होती. दर्याबाई शेजारच्या घरी गेल्या, आणि त्याच्या शेजारच्या घरी, आणि काढा कोणी घेतला आणि कोणी नाही आणि कोण किती निजले हे पुसत आळी सरेपर्यंत गेल्या. आणि ज्यांनी काढा घेतला ते अधिक गाढ निजलेले दिसले.

मग दर्याबाई बाळंभटांकडे गेल्या. राजवैद्य प्रसन्न होते. म्हणाले, "ये मुली. आणखी एक दवंडी लिहायची का? या वेळी माझं नाव थोडं आधी घे." दर्याबाईंनी पुसले, "वैद्यराज, ज्या सशांना काढा दिला नाही त्यांचं काय झालं?" बाळंभट म्हणाले, "त्यांचं काय व्हायचंय? बागेत वेलीखाली पेंगत आहेत." "मग त्यांना माडीवर का नाही आणलं?" "अगं, काढा द्यायचाच नव्हता तर माडीवर कशाला आणू?" ऐसे बोलून राजवैद्य हसले, आणि हसता हसता थांबले. दर्याबाई उठल्या. त्या बागेत उतरल्या, एक पेंगलेला ससा पदरात घेतला, जिना चढून गच्चीवर आल्या आणि वाऱ्यात बसल्या. गच्चीवर वेल नव्हती. खाली धुक्यात शहर बुडालेले, कळस तेवढे वर, आणि दुपार ऐसी निवांत की आपणही या क्षणी जागे आहो की नाही याचा दर्याबाईंस भरवसा वाटेना. मग पदर ओढिला गेला. पाहतात तो ससा जागा होऊन पदराचा काठ कुरतडीत आहे. बाळंभट जिन्यात उभे होते. त्यांनी तो ससा पाहिला, आणि बराच वेळ पाहिला, आणि मग स्वतः खाली उतरून दुसरा घेऊन आले, आणि मग तिसरा. तिसराही जागा झाल्यावर राजवैद्य पायरीवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी यांना पाजायला वर आणलं. म्हणून उठले. काढ्याने नाही." दर्याबाई म्हणाल्या, "सशांचं एवढं दिसतं. माणसांचं अजून कोणी पाहिलेलं नाही."

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराज गादीवर, उशांना टेकून, जागे राहण्याचा बहुत यत्न करीत. दर्याबाईंनी पुढे होऊन दौत आणि कलम गादीपुढे ठेवली. दरबारी चपापले. हैबतराव मागून कुजबुजले, "अहो, आधी बोला, मग ठेवा!" दर्याबाई म्हणाल्या, "आधी ठेवलं म्हणजे बोलताना भीती राहत नाही, रावसाहेब." मग सशांची हकीकत, आळीतल्या घरांची हकीकत आणि भागाबाईची हकीकत त्यांनी हुजूर अर्ज केली. कारभारी उठून म्हणाले, "दवंडी मागे येत नाही हा दंडक आहे." दर्याबाई म्हणाल्या, "मागे घेत नाही, महाराज. ती अर्धीच निघाली आहे. शेपटाकडचा भाग माझ्याकडे राहिलाय. तो देते." महाराजांस हे शेपूट गमतीचे वाटले आणि पेंग थोडी उडाली. त्यांनी आज्ञा केली, "ती डांगोऱ्याची बायको वर, वाऱ्याच्या बुरुजावर न्या. उठली तर बाईंचं खरं, नाही उठली तर कलम इथेच राहील." रायाजींनी हात जोडिले. परंतु दर्याबाई म्हणाल्या, "महाराज, एका बाईवरून काही कळणार नाही. ती उठली तर आपोआपही उठली असेल. निजलेले पुष्कळ आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्या, अर्धे वर न्यावे आणि अर्धे घरीच राहू द्यावे, आणि दोघांत फरक पडतो का ते पाहावे. काढा मात्र कोणालाच देऊ नये." महाराजांनी पुसले, "कलम परत मिळत असताना तुम्ही ते पुन्हा धोक्यात का घालता?" "ते मी इथे ठेवलंय, महाराज. आता ते माझं नाही." तेव्हा महाराजांनी बाळंभटांकडे पाहिले. बाळंभट म्हणाले, "चिठ्ठ्या मी काढतो. मला स्वतःला जाणून घ्यायचं आहे." हे बोलताना त्यांच्या आवाजात ऐसा कोवळेपणा होता की जैसे विद्यार्थी गुरुगृही पहिल्या दिवशी जातो.

चिठ्ठ्या निघाल्या, आणि भागाबाईची चिठ्ठी घरी राहणाऱ्यांत निघाली. रायाजी दर्याबाईंच्या मागे मागे पाणवेशीपर्यंत आले. म्हणाले, "बाईसाहेब, एक चिठ्ठी. कोणाला कळणार आहे?" दर्याबाई म्हणाल्या, "रायाजीबाबा, ज्याला जाणून घ्यायचंय त्यालाच कळणार नाही, कारण मग काहीच कळणार नाही. आज तुमची बदलली, उद्या कारभाऱ्यांच्या मेहुण्याची बदलेल, आणि वर सगळी ज्यांचं कोणीतरी आहे अशी माणसं जातील." रायाजी म्हणाले, "तुम्हाला काय, तुमची भागा नाही ती." दर्याबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "माझ्याच मजकुराने निजलीय ती. तुम्ही फक्त श्वास दिलात."  रायाजी घरी गेले आणि बायकोच्या उशाशी बसले. दार उघडे होते, पालखी उचलायास भोई मित्रच होते, बुरूज हाकेवर होता, आणि तरी त्यांनी तिला उचलिले नाही. त्यांनी एवढेच केले की मीठ आणिले आणि चुलीपाशी ठेविले. तिकडे निजलेल्या माणसांच्या डोल्या धुक्यातून एकामागून एक बुरुजाकडे चढत होत्या, आणि ज्यांनी ते पाहिले ते सांगतात की जहाजे जैसी वर जावी तैसे ते दिसत होते. मग दुसरे दिवशी दुपारी बाळंभट बुरुजावरून पळत खाली आले. राजवैद्यांस पळताना शहराने प्रथमच पाहिले. शालजोडी गळ्यात अडकलेली, पायात एकच जोडा, आणि ओरडत होते, "न्या! सगळ्यांना वर न्या! काय पाहत बसलात, न्या!" कारण वर नेलेल्यांपैकी एक सोडून सारे जागे जाहले होते, आणि खाली राहिलेल्यांपैकी एकच. तेव्हा भोयांनी धावून भागाबाईची डोली उचलिली आणि तीही वर गेली. परंतु भागाबाईने काढा भरपूर घेतला होता, नवऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवून पेलाभर अधिकच, म्हणोन ती वाऱ्यात नेली तरी उठली नाही.

आता घरोघरी पातेल्यांत काढा होता आणि तो लोक दवंडी ऐकून पीतच होते, म्हणोन त्याच घडीस लोकांस सांगणे भाग होते, आणि सांगायचे ते रायाजींच्या छातीतही मावणारे नव्हते. हैबतराव म्हणाले, "हे तोडावं लागेल, बाई." दर्याबाई म्हणाल्या, "तोडलं म्हणूनच हे झालं. दंडक म्हणतो एका डांगोऱ्याने एकदाच श्वास घ्यावा. दवंडीला डांगोरा एकच असावा असं कुठे म्हणतो?" शहरास वेशी सात, पहिलीवरच नगारखाना, प्रत्येक वेशीवर एक डांगोरा, आणि रीत ऐसी की नगारखान्यावरून निघालेला मजकूर सर्वांनी आपापल्या वेशीवर जैसाच्या तैसा म्हणावा. आज प्रत्येकाने पुढचा तुकडा म्हणावा, ऐसे ठरले. हैबतरावांनी आपली पगडी पुन्हा काढून मांडीवर घेतली, हसले, आणि म्हणाले, "महाराजांचं ताट निवणार." रायाजींस दर्याबाई म्हणाल्या, "तुमचं मन बुरुजावर आहे. दुसरा कोणी म्हणेल." रायाजी म्हणाले, "अर्धी माझ्या तोंडून निघाली, उरलेलीही माझ्याच तोंडून निघेल." आणि चढिले. आणि शहराने ऐकिले: "राजवैद्यांच्या काढ्याने जागे झाले ऐसे तुम्ही ऐकिले ते ससे होते, माणसे नव्हती, आणि." लोक थबकले, कारण 'आणि' म्हणून संपणारी दवंडी कोणी ऐकिली नव्हती. तो पाणवेशीवरून आवाज आला, "ज्या सशांस काढा दिला नाही तेही वर नेताच जागे जाहले, म्हणोन गुण काढ्याचा म्हणता येत नाही, आणि." मग कुंभारवेशीवरून, "काढा घेतलेली माणसे अधिक गाढ निजली आहेत, म्हणोन घरात असेल तो ओतून द्यावा, मग." मग त्यापुढच्या वेशीवरून, "निजलेल्यांस बुरुजावर न्यावे, किंवा जेथे धुकवेल नाही आणि वारा आहे तेथे, कारण." मग त्यापुढून, "चिठ्ठ्या टाकून नेले त्यांपैकी एक सोडून सारे उठले आणि घरी राहिले त्यांपैकी एकच, आणि." मग सहावीवरून, "हा गुण वाऱ्याचा की उंचीचा की वेल नसल्याचा हे राजवैद्य अजून पाहत आहेत, कळताच सांगू, आणि." आणि लोक धुक्यात आवाजामागोमाग एका आळीतून दुसऱ्या आळीत चालत होते, पातेली हातात, वाटेत गटारात काढा ओतीत, जैसे कोणी झोपेत चालावे, परंतु त्या दिवशी सारे जागे होते.

सातवी वेस बुरुजाखालची. तेथील डांगोरा स्वतःच पेंगून पडला होता. आवाज येईना. शहर 'आणि'वर थांबून राहिले. तेव्हा दर्याबाई, ज्या भागाबाईच्या डोलीपाशी बसल्या होत्या, उठल्या आणि बुरुजाच्या कडेशी आल्या. त्यांचा आवाज बारीक. परंतु शहर इतके निवांत होते की तो पोचला. त्या बोलिल्या, "जहाज का दिसते हे कोणास ठाऊक नाही." नगारखाना बांधला त्या दिवसापासून दरबारच्या दवंडीत 'ठाऊक नाही' हे शब्द कधी आले नव्हते. कारभाऱ्यांस वाटले आता गोंधळ होईल. गोंधळ जाहला नाही. खालून एक दीर्घ निःश्वास मात्र आला, सर्व शहराचा मिळून एकच, जैसे एवढा वेळ धरून ठेविलेला कोणी सोडावा. मग रायाजी धापा टाकीत बुरुजावर आले, आणि डोलीपाशी गुडघ्यांवर बसले, आणि काही बोलणार तो बोलण्याइतका श्वासच त्यांच्यात उरला नव्हता. भागाबाईने डोळे उघडिले. आभाळाकडे पाहिले, जैसे काही जाऊन नाहीसे जाहले, आणि मग नवऱ्याकडे. म्हणाली, "केवढं ओरडत होता हो सगळे. संपेचना. आणि मीठ?" रायाजी म्हणाले, "आणलं." आणि तेवढे एका शब्दात सांगून तिच्या पायांवर डोके ठेवून रडले.

दर्याबाईंची दौत आणि कलम महाराजांनी स्वहस्ते उचलून दिली आणि आरोग्याची वाकनिशी म्हणोन नवे पद निर्माण केले. राजहौदात काढा ओतण्याची आज्ञा रद्द जाहली. पुढे बाळंभटांनी एका आळीतल्या वेली काढविल्या आणि दुसरीतल्या ठेविल्या आणि फाल्गुनापर्यंत पाहिले, आणि पेंग वेलीच्या फुलांच्या वासाची ऐसे ठरले, आणि तेव्हा शहरातल्या वेली उतरविल्या गेल्या. त्यासरशी जहाजही गेले. कित्येक लोक त्यासाठी हळहळले, आणि दर्याबाईंच्या नावाने बोटेही मोडली, हे लपविण्यात अर्थ नाही. तेव्हा दर्याबाईंनी अर्ज करून राजबागेतली एक वेल ठेवविली, की ज्यास पेंगायचे असेल त्याने तेथे जावे, जाणून पेंगावे, आणि सायंकाळच्या आत उचलून बुरुजावर नेण्यास घरचे कोणी बरोबर आणावे. भागाबाई दर पौषात एकदा जाते आणि रायाजी बरोबर बसतात. ते स्वतः पेंगत नाहीत. ती सांगते आणि ते ऐकतात.

तात्पर्य ऐसे की त्या राज्यात आरोग्याचे वर्तमान लिहिण्यास जो कोणी नवा येतो त्यास दर्याबाई पहिल्या दिवशी एवढेच सांगतात, "आधी ससे." आणि तेथील लिहिणे तेव्हापासून लांब जाहले, एकाचा श्वास सरला की दुसऱ्याने धरावा ऐसे, आणि हे लिहिणेही त्याच रीतीचे आहे. वाचणाराने जेथे दम लागेल तेथे थांबावे. मजकूर कोठे जात नाही.